निकाल लागेपर्यंत

जर्मन शिकवणाऱ्या फ्राऊ लिंडनरनं तो प्रश्न व्याकरणाच्या सरावासाठी विचारला होता. त्यात दुसरं काही नव्हतं, हे वसुधाला तेव्हाही कळत होतं. वोल्फ्सबुर्गच्या फोल्क्सहोखशूलेमधली, म्हणजे मोठ्या माणसांच्या शाळेतली, ती खोली संध्याकाळी शिवणाच्या वर्गासाठी वापरत, त्यामुळे बाकांच्या फटीत दोऱ्याचे तुकडे अडकलेले असायचे आणि वसुधा ते नखानं उपसत बसायची. सोमवारची सकाळ होती. अकराजणांनी एकेक करून आपण वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट जर्मनमध्ये सांगायची होती. वसुधाची गोष्ट खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेहरेन्सनं दिलेल्या पातळ पुस्तकातली होती. म्हातारी स्टेशनवरून अशी पुस्तकं आणी आणि वाचून झाली की जिन्यातल्या खिडकीत वसुधासाठी ठेवून देई. वर नेहमी एक किल्ला, उडते केस आणि चौकड्यांच्या कापडाचा घागरा नेसलेला उघडा पुरुष. भाषा सुधारते म्हणून वाचते, असं वसुधा नवऱ्याला, यशवंतला, सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. ‘क्लान’ या शब्दाला शब्दकोशात बरेच अर्थ दिले होते. तिनं ते सोडून मनाशी ‘भावकी’ म्हणून टाकलं, आणि मग पुढचं सगळं तिला फार लवकर समजत गेलं. तर तिनं सांगितलं, की फार पूर्वी स्कॉटलंडमध्ये एका दरीच्या दोन अंगांना दोन भावक्या राहत होत्या. तीन पिढ्यांचं वैर होतं. एकमेकांची गुरं पळवायची, गवत जाळायचं, माणूस सापडला तर सोडायचा नाही. शेवटी राजानं कंटाळून हुकूम केला, की या घरची मुलगी त्या घरात द्या. मुलगी दिली. ती तिथं नांदेल तोवर तह राहणार होता. काही वर्षांनी राजा मेला, तहही गेला, दरवाजे उघडे होते. पण मुलगी गेली नाही. इथं वसुधानं पुस्तक मिटलं. ‘छान,’ फ्राऊ लिंडनर म्हणाली, ‘आणि ती जात का नाही?’ उत्तर ‘वाइल’नं सुरू करायचं होतं, म्हणजे ‘कारण’नं, आणि मग क्रियापद वाक्याच्या शेवटी न्यायचं. इतरांना ते जड जाई. वसुधाला कधी गेलं नव्हतं. क्रियापद शेवटीच असतं, ते आणखी कुठं असणार. ‘वाइल,’ ती म्हणाली, ‘वाइल झी...’ कारण ती... आणि तिथंच उभी राहिली. वाक्य पुढं सरकेना. पोलंडची ती उंच बाई मागून म्हणाली, कारण तिचं त्याच्यावर प्रेम आहे, आणि दोघंतिघं हसले. फ्राऊ लिंडनरनं ते फळ्यावर लिहिलं, क्रियापदाखाली रेघ मारली. वसुधा खाली बसली. तिचे कान तापले होते. एवढ्या सोप्या उत्तराला आपण अडलो याची लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली दुसरंच काहीतरी हलत होतं, त्याला हात लावायचा तिला धीर होईना.

आदल्या दिवशी दुपारी माहेरच्या शोभनाकाकीचा फोन आला नसता तर ती अडली नसती. दिवाळीचा फोन होता. यशवंत मुलीला, देवश्रीला, पोहायला घेऊन गेला होता. काकीनं चकल्या बिघडल्याचं सांगितलं, भास्करकाकांच्या गुडघ्याचं सांगितलं, आणि त्याच सुरात सांगितलं, की आता पठारावर पंखे लागायला सुरुवात झाली, रस्ता पार वाघजाईच्या देवळापर्यंत आला. कसले पंखे, असं वसुधानं विचारलं. अगं पवनचक्क्या, काकी म्हणाली, कंपनीला दोन्ही घरांची सही लागत होती म्हणून तर मिटवलं ना जुलैत, कोर्टात तडजोड झाली, शेलार आणि निकम एका बाकावर बसले होते, बघायला पाहिजे होतंस. यशवंतरावांचं मुखत्यारपत्र तिकडून वेळेवर आलं म्हणून बरं झालं, नाहीतर आणखी एक तारीख पडली असती. मग काकी थांबली. ‘तुला ठाऊक नाही होय?’ वसुधा म्हणाली, ‘आहे की. मला वाटलं तू दुसऱ्या कुठल्या पंख्यांचं म्हणतेस.’ फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती. जून महिन्यात यशवंत एक दिवस हाम्बुर्गला गेला होता. ऑफिसचं काम आहे, म्हणाला होता. तेव्हा गावभर फुटबॉलचे झेंडे लागलेले होते आणि येताना त्यानं देवश्रीसाठी गाडीच्या काचेला लावायचा छोटा झेंडा आणला होता. भारताचं कोन्सुलाट, म्हणजे वकिलात, हाम्बुर्गला आहे; मुखत्यारपत्रावर शिक्का तिथंच मिळतो. तिनं तेव्हा ते जोडून पाहिलं नव्हतं. कशाला पाहील? आठ वर्षांत त्यानं तिला खोटं सांगितलेलं तिच्या स्मरणात नव्हतं, आणि आता स्मरणाला तरी काय किंमत, असं तिला वाटलं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, निम्मा ऑक्टोबर. एवढे दिवस निकाल लागलेला होता आणि ती निकाल लागला नसल्यासारखी जगत होती. भाजी आणत होती, देवश्रीला सायकल शिकवत होती. म्हणजे हे दिवस कुठल्या खात्यातले?

कारण निकाल लागेपर्यंत असंच ठरलं होतं. वर्ग सुटल्यावर बसमध्ये खिडकीशी बसून तिनं ते पुन्हा पहिल्यापासून आठवायला घेतलं. कारळवाडीत वरच्या आळीला शेलार, खालच्या आळीला निकम, आणि दोघांच्या डोक्यावर वाघजाईचं पठार. पठारावर गवताशिवाय काही नव्हतं. त्या गवतावरून आणि एका दगडी बांधावरून दोन्ही घरांत तिच्या आजोबांच्या वेळेपासून लागलेली होती. तिच्या जन्माच्या आदल्या वर्षी पठारावर मारामारी झाली, यशवंतचा धाकटा चुलता डोक्यात दगड लागून तिथंच गेला, आणि तिचे भास्करकाका अकरा महिने आत राहून पुराव्याअभावी सुटले. दगड कुणी मारला हे तिला कधीच कळलं नाही. काकांना विचारायची छाती झाली नाही, आणि त्यांनी तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, त्या माणसाला असं विचारायचं तरी कसं. पुढं निकमांच्या गंज्या पेटल्या, शेलारांची विहीर कुणीतरी बुजवली, आणि दावा मात्र साताऱ्याच्या कोर्टात शांतपणे पडून राहिला. मग अठ्ठ्याण्णव साली तालुक्यातल्या चार वजनदार माणसांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवलं. एक मुलगी द्या, तिकडून पुन्हा काठी उचलली जाणार नाही, दावा काय तो कोर्टात चालू दे. शेलारांचा मुलगा इंजिनियर, जर्मनीला निघालेला. म्हणजे सून गावात राहणारच नाही, कुणाच्या डोळ्यांना खुपायला नको. निकमांच्या घरात लग्नाची अशी वसुधाच होती. मांडवाच्या दाराशी दोन हवालदार बसवले होते आणि त्यांनाही जिलबी वाढली होती, एवढं तिला पक्कं आठवतं. चौथ्या दिवशी पुण्यात, यशवंतच्या मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, यशवंत खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, ‘हे लग्न दोन घरांनी आपल्या सोयीनं लावलंय. तुम्हाला कुणी विचारलं नसणार, मलाही नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला राहावं लागेल. त्यानंतर जायचं असेल तर मी अडवणार नाही. शब्द आहे.’ तो तिला तुम्ही म्हणत होता. तिला तेव्हा हायसं वाटलं होतं की अपमान वाटला होता, हे ती इतक्यांदा आठवून बघत आली होती, की आता दोन्ही भावना घासून सारख्याच दिसायला लागल्या होत्या.

बस गावाबाहेरून वळसा घेत होती. लांब शेतांपलीकडे पवनचक्क्या फिरत होत्या, आणि वारा पडलेला असतानाही त्या फिरतायत असं तिला वाटलं. शब्द त्यानं दिला होता खरा. पण पुढं जे झालं ते त्या शब्दात बसणारं होतं का? इथल्या पलंगाला दोन वेगळ्या गाद्या असतात, मधे फट असते. पहिलं वर्ष त्या फटीच्या अलीकडे-पलीकडे गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात तिला फ्लू झाला. ताप उतरेना, आणि यशवंतनं पाच दिवस रजा काढून आमटी केली, ती इतकी खारट की ती तापातही हसली. ‘हसतेस काय,’ तो म्हणाला. तेव्हापासून तू सुरू झालं. त्या दोघांचं जे काही सुरू झालं ते तिथून झालं असं म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं की तिला ते फ्राऊ बेहरेन्सच्या पुस्तकासारखं वाटे, आणि तिचा त्याच्यावरचा विश्वास उडे. परदेशात दोनच माणसं एका घरात राहिली तर एकमेकांना धरूनच राहणार. त्याला प्रेम म्हणायचं का? तह म्हणायचा? की नुसती थंडी? मग देवश्री झाली. देवश्री मराठी समजायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर शेलारांचं नाक नि निकमांची जिवणी होती. आबा, म्हणजे सासरे, फोटो बघून म्हणाले होते, की हिला पठारावर कुणीच अडवायचं नाही. ते वाक्य वसुधाला पुढं टोचत राहिलं. कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं ते पत्र टाकलं.

त्या पत्राजवळ आलं की तिचं मन नेहमी वाट बदली. आज बदलता येईना. दोन हजार एकच्या मार्चमध्ये एका सकाळी आबांचा फोन आला. यशवंत कामावर होता. म्हातारा एवढा खुशीत होता की सुनेला सांगितल्यावाचून राहवलं नाही: जुन्या मोजणीच्या वेळचा तलाठी सापडला, जिवंत आहे, इचलकरंजीला मुलीकडे असतो, बांध कुणी घातला हे साक्षीत सांगायला तयार आहे. यशवंताला सांग, म्हणाले. तिनं यशवंतला संध्याकाळी सांगितलं, की आबांचा फोन होता, तलाठी सापडला म्हणे. एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी भास्करकाकांना तीन ओळींचं पत्र लिहिलं, त्यात नाव आणि गाव दोन्ही लिहिलं, आणि देवश्रीला बाबागाडीत घालून पिवळ्या टपालपेटीत टाकून आली. का लिहिलं? सासरी पाठवताना काका म्हणाले होते, पोरी, आपलं माणूस म्हणून जातेयस, ते आठवलं म्हणून? त्यांचे ते अकरा महिने? की आपण अजून कुणाच्या तरी आहोत हे बघायचं होतं? पेटीचं झाकण खाली पडलं तेव्हाच तिला पत्र परत हवं झालं होतं, आणि घरी येईपर्यंत ती भाजीला काय करायचं याचा विचार करत होती. दोन्ही खरं. पुढं तलाठ्यानं कोर्टात सांगितलं की मला वयोमानानं काही आठवत नाही. शेलार हरले, अपील मुंबईला गेलं, आणि आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. यशवंत एकटाच जाऊन आला. आल्यावर त्यानं काही विचारलं नाही. त्या दिवसापासून आबा त्याच्याशी बोलायचे थांबले. वसुधाशी जड जिभेनं बोलत, देवश्रीची चौकशी करत, थंडी किती म्हणून विचारत. यशवंतला देऊ का म्हटलं की फोन सासूबाईंच्या हातात जाई. मुलगा परदेशात जाऊन बसला, बापाच्या अडीनडीला आला नाही, याचा तो राग असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तसं ठरवणं सोपं होतं.

त्या सोमवारी पाडवा होता. यशवंत मुद्दाम चारलाच घरी आला. देवश्री खाली फ्राऊ बेहरेन्सकडे चित्रं रंगवत बसली होती. वसुधानं तबक तयार केलं होतं, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजनात वात, सगळं. फक्त काडी ओढली नव्हती. यशवंत हातपाय धुऊन खुर्चीवर येऊन बसला, पाठ सरळ करून, दरवर्षी बसायचा तसा. तो बसलेला बघून तिला वाटलं, आज राहू दे, ओवाळून घेऊ, उद्या विचारू. आणि तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं.

‘जुलैत निकाल लागला म्हणे.’

तो उठला, ऑफिसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातून चार घड्या केलेला कागद काढला आणि तबकाशेजारी ठेवला. तडजोडीच्या हुकूमनाम्याची नक्कल होती. घड्या कडांवर मऊ पडल्या होत्या. म्हणजे तो कागद बरेच दिवस त्याच्याबरोबर ऑफिसला जात होता आणि परत येत होता.

‘पहिल्याच आठवड्यात सांगणार होतो,’ यशवंत म्हणाला. ‘त्या दिवशी घरी आलो तर तुम्ही दोघी खाली अंगणात होतात, देवश्रीच्या सायकलची मागची छोटी चाकं काढत होतीस. म्हटलं, उद्या. मग ते राहतच गेलं.’ त्यानं कागदाची घडी बोटानं दाबली. ‘तू जाते म्हणालीस तर काय, ही एक भीती. आणि राहते म्हणालीस तर देवश्रीसाठी राहतेस का आणखी कशासाठी, हे मला कधीच कळणार नाही, ही दुसरी. दोन्हीपेक्षा गप्प बसणं बरं वाटलं. चुकलंच ते. शब्द दिला होता. तुम्हाला जायचं असेल तर माझ्याकडून आजही आडकाठी नाही.’

‘तुम्हाला’ हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. तिच्या आलं. राग यायला हवा होता. साडेतीन महिने आपल्याला अंधारात ठेवलं म्हणून राग यायला तिनं कालपासून जागा करून ठेवली होती. पण त्या जागेवर ते पत्र येऊन बसलं होतं, आणि समोरचा माणूस चुकलं म्हणतोय हे तिला सहन होईना. त्याला माफ करण्याचा मोठेपणा आपल्याकडे येतोय, आणि तो आपला नाही. ती म्हणाली, की तलाठ्याचं मी कळवलं होतं. भास्करकाकांना. पत्रानं. म्हणताना ती निरांजनाकडे बघत होती.

‘माहीत आहे,’ यशवंत म्हणाला.

त्यानं सांगितलं ते असं. पत्र तिनं ज्या वहीच्या पानावर लिहिलं, त्याच वहीत त्यानं दोन दिवसांनी देवश्रीच्या लशींच्या तारखा लिहायला घेतल्या. खालच्या पानावर पेनाचा ठसा उमटला होता. पेन्सिल फिरवल्यावर वरती ‘ती. भास्करकाकांस’ एवढं निघालं आणि मधे ‘तलाठी’. बाकीचं लागत नव्हतं. आणखी काही लागायची गरजही नव्हती. गावी गेल्यावर आबांनी खाटेवरून पहिला प्रश्न तोच विचारला, की बातमी बाहेर कशी गेली. आणि त्यानं सांगितलं, की माझ्या तोंडून गेली, सातारच्या एका मित्राजवळ फोनवर बोलून बसलो.

वसुधानं मनाशी वर्षं मोजली.  पाच वर्षं आबा त्याच्याशी बोलत नव्हते. पाच वर्षं दर रविवारी ती फोन त्याच्यापुढं धरायची आणि तो मान हलवून नको म्हणायचा, आणि तिला वाटायचं, बापलेकांचं काहीतरी आहे.

‘का?’ ती म्हणाली.

‘देवश्री वर्षाचीसुद्धा नव्हती. तुझं नाव सांगितलं असतं तर दोन्हीकडून पुन्हा काठ्या निघाल्या असत्या. आणि तुला घरात घेतलं नसतं.’

‘एवढंच?’

त्यानं खरोखर विचार केला. तो विचार करत होता हे तिला दिसत होतं, आणि त्यानं पटकन काहीतरी बोलून टाकलं नाही याबद्दल तिला त्याही स्थितीत बरं वाटलं. ‘तेव्हा एवढंच होतं,’ तो म्हणाला. ‘पुढचं मला नीट सांगता येत नाही.’

खालून देवश्री आली, हातभर रंग, आणि तबक बघून टाळ्या पिटायला लागली. वसुधानं काडी ओढली. यशवंतला ओवाळलं. निरांजन गोल फिरवताना त्याच्या चेहऱ्यावरच्या सावल्या हलत होत्या आणि तिला तो अनोळखी दिसत होता, मग ओळखीचा, मग पुन्हा अनोळखी. आठ वर्षं आपण ज्याच्याबरोबर राहिलो तो हा नव्हताच, असं एकदा वाटलं. आणि हाच होता, आपणच नव्हतो, असं लगेच वाटलं. त्यानं ओवाळणी म्हणून आणलेला बॉक्स तिनं न उघडता कपाटात ठेवला. जेवणं झाली. त्यानं भांडी पुसली, तिनं लावली. जाण्याराहण्याबद्दल कुणीच बोललं नाही. गादीवर पडल्यावर तिनं त्याच्या त्या खोट्याचा उलटसुलट विचार केला. त्यानं तिला वाचवलं होतं, की लेकीला, की शेलारांच्या घराला? हेही शेवटी तडजोडीचंच गणित नव्हतं का, एकानं गप्प बसायचं म्हणजे बाकीच्यांना नांदता येतं? पण मग त्या गणितात त्याचा बाप गेला होता, तो त्यानं कुठं धरला? विचार करता करता तिला झोप लागली, आणि सकाळी जाग आली तेव्हा विचाराचं काही झालं नव्हतं, पण एक गोष्ट करायची आहे एवढं तिला कळत होतं.

देवश्रीला जाकीट घालून दाराशी उभी केली आणि तिनं फोन फिरवला. तिकडे साडेअकरा झाले असतील. यशवंत आरशासमोर टाय बांधत होता. सासूबाईंनी फोन घेतला. वसुधानं दिवाळीचं काही न बोलता आबांना द्यायला सांगितलं. खाटेची करकर ऐकू आली, श्वास ऐकू आला. तिनं एका दमात सांगितलं. आबा, मी वसुधा. तलाठ्याचं नावगाव मी काकांना कळवलं होतं. यांचा काही दोष नाही. यांनी ते माझ्यासाठी अंगावर घेतलं. आरशात यशवंतचा हात गाठीवर थांबलेला तिला दिसला.

खाट पुन्हा करकरली. मग आबा बोलले. जीभ जड होती, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं ते बोलत होते.

‘ठाऊक होतं गं पोरी. मी विचारलं, काय सांगितलंस मित्राला. तर म्हणाला, तलाठी सांगलीला सापडला असं सांगितलं. सांगली कुठनं काढली? तलाठी इचलकरंजीला. ते गाव मी फक्त तुलाच सांगितलं होतं, त्याला ठाऊकच नव्हतं.’

वसुधानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘तुझा राग नाही,’ आबा म्हणाले. ‘तू निकमांची. तू तुझ्या घराचं केलंस. पण ह्यानं माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. ह्यानं कुठल्या घराचं केलं, ते मला पाच वर्षं उमगलं नाही.’ ते थांबले. दम खाल्ला. ‘आहे का तो तिथं?’

‘आहेत.’

‘दे.’

तिनं फोन पुढं धरला. यशवंत लगेच आला नाही. टायचं एक टोक खांद्यावर तसंच टाकलेलं, तो फोनकडे असा बघत होता की जणू त्यातून नक्की काय येणार हे त्याला आधी ठरवायचं होतं. मग त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. ‘आबा,’ म्हणाला, आणि ऐकत राहिला. वसुधानं देवश्रीचा हात धरला आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना वरून एकदा त्याचा ‘हो’ ऐकू आला, थोड्या वेळानं आणखी एक ‘हो’, पण आबा काय म्हणत असतील ते तिला कळायचं काही कारण नव्हतं, आणि पहिल्यांदाच तिला ते कळून घ्यावंसंही वाटलं नाही.

बाहेर धुकं होतं. रस्त्यावर पानं ओली होऊन चिकटली होती. देवश्री किंडरगार्टनमधल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचं सांगत होती आणि वसुधा मधूनमधून हो, हो म्हणत होती. आपण आता सुटलो की जास्तच अडकलो? जायला मोकळं व्हावं म्हणून आपण तो फोन केला, की राहायला तोंड असावं म्हणून? पोलंडच्या त्या बाईला विचारलं असतं तर तिनं मागच्या बाकावरून झटकन सांगितलं असतं. वसुधाला त्या सांगण्याचा आता राग नव्हता. फक्त तिला वाटलं, की त्या उत्तरात आबा नाहीत, इचलकरंजी नाही, सांगली तर नाहीच, आणि म्हणून ते चूक नसलं तरी तिच्या उपयोगाचं नाही. संध्याकाळी यशवंत घरी येईल. तो विचारणार नाही, पण विचारल्यासारखा बसेल. त्याला काय सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तो येईल तेव्हा आपण घरी असू, एवढं ठाऊक होतं.

‘मामा, वोहिन गेएन वीर?’ देवश्रीनं हात ओढला. आई, आपण कुठं चाललोय?

वसुधा थांबली. किंडरगार्टनचं हिरवं फाटक मागं राहिलं होतं. बोलण्याच्या नादात त्या दोघी पार पुढच्या चौकापर्यंत आल्या होत्या.

‘चुकलो गं,’ ती म्हणाली. ‘चल, मागं फिरू.’